लिस्बनचे ताट कसे वाढले गेले

लिस्बनमध्ये कुठल्या भागात काय खावे, हे त्या भागावर काय गुदरले यावरून ठरते. म्हणून सुरुवात १ नोव्हेंबर १७५५ पासून. सर्व संतांच्या सणाची सकाळ, चर्च भरलेली, आणि भूकंप झाला. पाठोपाठ नदीच्या मुखातून समुद्राच्या लाटा आत घुसल्या, मग लागलेली आग कित्येक दिवस विझली नाही. नदीकाठचा राजवाडा नाहीसा झाला. तरी त्या चौकाला लोक आजही ‘तेरैरू दु पासु’, म्हणजे राजवाड्याचे पटांगण, असेच म्हणतात.

त्यामागचा बायशा हा सपाट भाग पुढे पोंबालचा मार्क्विस झालेल्या मंत्र्याने नव्याने उभारला. रस्ते सरळ, काटकोनात. भिंतींच्या पोटात लाकडी पिंजरा, म्हणजे ‘गायोला’, घातलेला. भूकंपात चौकट लवावी पण कोसळू नये, हा हेतू. नमुन्याभोवती सैनिकांची पावले आपटवून त्याची परीक्षा घेतली होती. गल्ल्यांची नावे धंद्यांवरून: सोनारांची, चांदीवाल्यांची, चांभारांची. जवळच खाऱ्या माशाच्या व्यापाऱ्यांचीही गल्ली आहे.

हा खारा मासा म्हणजे बाकाल्याव, अर्थात कॉड. गंमत अशी की तो पोर्तुगालच्या पाण्यात मिळतच नाही. सोळाव्या शतकापासून तो न्यूफाउंडलंडकडून येऊ लागला. उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य, आणि मीठ लावून वाळवलेला मासा महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून तो घराघरांत रुजला. विसाव्या शतकात हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने सरकारी बळ लावून मासेमारीचा ताफा वाढवला. आता बराचसा माल नॉर्वेहून येतो.

हा मासा घरी करायचा तर खरे काम भिजवण्याचे. पातळ तुकड्याला २४ तास, जाडाला ४८. पाणी थंड, भांडे फ्रीजमध्ये, दिवसातून तीन-चारदा पाणी बदलायचे. कातडी वरच्या बाजूला ठेवावी. विरघळलेले मीठ जड होऊन तळाशी बसते. कातडी खाली असली तर ते मांसातच अडकते. कोमट पाण्यात घाई केली तर मासा नासतो आणि मधोमध खारटच राहतो. पहिल्यांदा खाणाऱ्याने ‘आ ब्राश’ मागवावा: माशाचे धागे, बटाट्याच्या तळलेल्या बारीक काड्या आणि जेमतेम जमलेले अंडे. अंडे कोरडे झाले असेल तर तो ताटात येण्याआधी फार वेळ थांबलेला असतो.

आल्फामा हा जुना डोंगरउतार भूकंपातून बऱ्यापैकी वाचला. नाव अरबी, गरम झऱ्यांवरून. इथल्या वाकड्या गल्ल्या ११४७ मध्ये ख्रिस्ती राजाने शहर जिंकण्याआधीच्या मुस्लिम शहराचा माग आहेत. ट्रामने वर जावे आणि पायी उतरावे. पांढऱ्या चुनखडीचे फरसबंद रस्ते पावसात अतिशय निसरडे होतात, तेव्हा रबरी तळव्याचे बूट हवेत. १२ जूनच्या रात्री, सांतु आंतोनियुच्या सणाला, दारोदारी निखाऱ्यांवर सार्डिन मासे भाजतात. खाली पावाचा तुकडा ठेवतात, त्यात चरबी मुरते. शेवटी तो पाव खायचा. सार्डिन उन्हाळ्यातच चरबीदार होतो. हिवाळ्यात ताटात आला तर बहुधा गोठवलेला.

पश्चिमेला बेलेम. वास्को द गामा परतल्यानंतर बांधलेल्या जेरोनिमूश मठाचा खर्च आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरील पाच टक्के करातून निघाला. मठांत अंड्याचा पांढरा भाग कपड्यांना खळ द्यायला वापरत आणि उरलेल्या बलकाची मिठाई होई, असे सांगतात. १८३४ मध्ये मठ बंद झाले आणि १८३७ पासून शेजारच्या दुकानात त्या कस्टर्डच्या टार्ट विकल्या जाऊ लागल्या. ‘पास्तेल द बेलेम’ हे नाव त्याच दुकानाचे. इतरत्र ‘पास्तेल द नाता’ म्हणायचे. भट्टी अतिशय तापलेली लागते. घरच्या २०० अंशांच्या ओव्हनमध्ये पापुद्रे कुरकुरीत होण्याआधी कस्टर्ड फुटते आणि बूड ओलसर राहते. कोमट असतानाच, वर दालचिनी भुरभुरून खावी.

मराठी माणसाला खरी ओळख पटते ती साध्या कॅफेच्या काचेमागे. तिथला ‘शमूसा’ म्हणजे आपला सामोसा. गोवा १५१० ते १९६१ पोर्तुगीजांकडे होता. अनेक गोवेकर मोझांबिकमध्ये गेले, आणि १९७५ मध्ये तो देश स्वतंत्र झाल्यावर त्यांतले बरेच लिस्बनला आले. शमूशात बहुधा खिमा असतो, शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावे. ‘काल्दु वेर्द’ हे हिरवे सूपही तसेच: त्यातल्या भाजीचे नाव ‘कोव’, ज्यावरून आपला कोबी आला, पण वर सॉसेजची चकती तरंगते. पाव आणि बटाटा हे शब्दही याच भाषेने दिले.

जेवणाआधी न मागता आणून ठेवलेले पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसते. नको असेल तर हात न लावता परत द्यावे. न खाल्लेल्याचे पैसे लागत नाहीत.