टाकी फुल केली म्हणून गाडी फुटत नाही

एप्रिल उजाडला की इंडियन ऑइलच्या नावाचा तो मेसेज येतोच: तापमान वाढतंय, टाकी अर्धीच भरा, नाहीतर स्फोट होईल, शिवाय रोज एकदा झाकण उघडून गॅस जाऊ द्या. कंपनीने 2019 मध्ये आणि नंतरही हे फेटाळलं आहे. गाडी बनवणाऱ्याने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत इंधन भरणं उन्हाळ्यातही सुरक्षित आहे.

पेट्रोल तापल्यावर प्रसरण पावतं हे खरं, पण 10 अंशांमागे जेमतेम 1 टक्का. तेवढी जागा टाकीत मुळातच सोडलेली असते. आणि ठिणगीशिवाय पेट घ्यायला त्याला अडीचशे अंशांच्या वर तापमान लागतं. आपला विदर्भ पन्नाशीच्या आतच थांबतो!

झाकण उघडायचा सल्ला मात्र उलट घातक. बाहेर पडते ती पेट्रोलची वाफ. तिच्यात बेंझिन असतं, ज्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. नोझल ‘कट’ झाल्यावरही ‘राउंड फिगर करा’ म्हणत आपण भरत राहतो, तेव्हा हीच वाफ आधी पंपावरच्या पोराच्या नाकात जाते. सांडलेलं पेट्रोल जमिनीत मुरलं तर विहिरीपर्यंतही पोचू शकतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 मध्ये नवे पंप शाळा, दहा किंवा जास्त खाटांची रुग्णालयं आणि वस्तीपासून 50 मीटर दूर ठेवायला सांगितलं (जागेची अडचण असली तरी किमान 30), ते याच प्रदूषणापायी. त्याचा मेसेज काही कुणी फॉरवर्ड केला नाही.