पिंजऱ्यातली नाती आणि अंजनेरीची गिधाडं

नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं अशा ठिकाणी सोडायचा विषय निघाला की लोक आधी विचारतात, 'किती सोडणार?' मला त्याआधीचा प्रश्न मोठा वाटतो: कोणत्या आईबापांची?

सिन्नरकडचा शेळीपालक दोन-तीन वर्षांत बोकड बदलतो, कारण बाप-लेकीची करडं किरटी निपजतात हे त्याला ठाऊक असतं. गॅलरीत मडकी टांगून 'लव्हबर्ड' पाळणारेही हे बघतात. एकाच जोडीच्या पिल्लांच्या पुन्हा जोड्या लावत गेलं, की अंड्यामागे टॉर्च धरल्यावर लाल शिरांचं जाळं दिसतं, जीव धरलेला असतो, पण पिल्लू कवचातच मरतं.

कारण साधं आहे. घातक जनुक एकाच पालकाकडून आलं तर बहुतेकदा दबून राहतं. दोघांकडून आलं की वर येतं. नात्यातल्या जोडीत ती शक्यता वाढते. अमेरिकी आनुवंशिकीतज्ज्ञ सूअल राइट यांनी 1922 मध्ये तिचं गणित मांडलं. एकाच पूर्वजाचं तेच जनुक दोघांकडून येण्याची शक्यता दाखवणारा त्यांचा गुणांक सख्ख्या भावंडांच्या संततीत 25 टक्के भरतो.

प्राणिसंग्रहालयं मात्र उशिरा जागी झाली. 1979 मध्ये संशोधक कॅथरीन रॉल्स आणि सहकाऱ्यांनी खुरांच्या प्राण्यांच्या 16 प्रजातींच्या जुन्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी 15 प्रजातींत नात्यातल्या जोड्यांची पिल्लं जास्त दगावलेली निघाली. नोंदवह्या होत्या, त्या या नजरेनं वाचल्या गेल्या नव्हत्या.

पक्ष्यांतला सगळ्यात बोलका दाखला कॅलिफोर्नियाच्या काँडोरचा, म्हणजे अमेरिकेतल्या गिधाडासारख्या मोठ्या पक्ष्याचा. 1982 मध्ये जेमतेम 22 उरले. 1987 मध्ये शेवटचा रानातला पक्षीही पकडून आणला. आजची सगळी पिढी फक्त 14 मूळ पक्ष्यांची. पुढे काही अंड्यांत आखूड हाडांची पिल्लं मरू लागली. तो आनुवंशिक दोष वंशावळीतून पकडला गेला. तो ज्यांच्यात असण्याची शक्यता होती, अशा पक्ष्यांच्या आपसात जोड्या लावायच्या नाहीत, हा त्यावरचा उपाय.

आपल्याकडे गिधाडं संपत आली ती जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे; मेलेली जनावरं खाताना ते गिधाडांच्या पोटात जाई. 2004 मध्ये हे कारण सिद्ध झालं, 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. हरियाणातल्या पिंजोरचं गिधाडांचं प्रजनन केंद्र त्याच काळात उभं राहिलं, रानात गिधाडं अजून हजारांत असताना. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. काँडोरसारखी शेवटच्या मूठभर पक्ष्यांवर भिस्त ठेवायची वेळ आली नाही. जानेवारी 2024 मध्ये तिथली गिधाडं ताडोबा आणि पेंचला आणली गेली.

वर्षाला एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याची चुकीची जोडी लावणं फार महागात पडतं. म्हणून नाशिकसाठी पक्षी निवडायची वेळ आली, तर पायातल्या कडीच्या नंबरासोबत आईबापांची नोंदही हवी. इथल्या गिधाडांचीही ओळख हवी. कड्याखाली गळून पडलेल्या पिसांतून डीएनए मिळतो, पक्ष्याला हातसुद्धा लावावा लागत नाही. हे काम आत्ताच सुरू करता येईल.