'बॅक आउट' आणि 'गो बॅक ऑन' एकच नाहीत

इंग्रजी शिकवणाऱ्या कित्येक याद्यांत 'बॅक आउट', 'गो बॅक ऑन', 'लेट डाउन', 'फॉल थ्रू' या सगळ्यांपुढे एकच अर्थ छापलेला असतो: वचन मोडणे. मुलं वर्षानुवर्षे तेच घोकतात, आणि ते चूक आहे.

'गो बॅक ऑन'पुढे बहुतेकदा दिलेला शब्द, वचन किंवा घेतलेला निर्णय येतो. 'ही वेन्ट बॅक ऑन हिज वर्ड', म्हणजे त्याने शब्द फिरवला. 'बॅक आउट ऑफ' व्यवहाराला किंवा ठरलेल्या बेताला लागतं: 'शी बॅक्ड आउट ऑफ द डील', तिने माघार घेतली. 'लेट डाउन'चं कर्म बहुतेकदा माणूस असतो: 'यू लेट मी डाउन'. आपलं 'तोंडघशी पाडणं' याच्या बरंच जवळ जातं.

'फॉल थ्रू' मात्र या यादीत असायलाच नको. तिथे कर्ता बेत असतो, माणूस नव्हे: 'द डील फेल थ्रू', व्यवहार बारगळला. दोष कुणाचा, हे वाक्य सांगतच नाही. तरी 'ही फेल थ्रू हिज प्रॉमिस' अशी वाक्यं मी कितीदा तरी दुरुस्त केली आहेत. मराठीत 'त्याने वचन बारगळलं' असं कुणी म्हणतं का?