पॅसिव्ह व्हॉल्यूमचा डबा आला कुठून, आणि स्वस्तातला का चालतो

एक छोटा डबा, आत एक पॉट (पोटेन्शिओमीटर, नॉब फिरवला की रेझिस्टन्स बदलणारा पार्ट), मागे चार आरसीए सॉकेट (ऑडिओ केबल लावायचे), बस्स. ना पॉवर कॉर्ड, ना बास-ट्रेबल. याला लोक पॅसिव्ह प्रीअँप (प्लेयर आणि स्पीकर चालवणारा पॉवर अँप यांच्या मधला, विजेशिवायचा डबा) म्हणतात आणि नवीन माणूस पहिल्यांदा हेच विचारतो की एवढ्यात जर काम होतंय तर मग इतकी वर्षं सगळे महागडे प्रीअँप घेत कशाला होते?

घेत होते कारण रेकॉर्ड. रेकॉर्डवर सुई धरणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून निघतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट, तेवढ्यावर कुठलाही पॉवर अँप हलत नाही. त्यात रेकॉर्ड कापतानाच बास मुद्दाम कमी आणि ट्रेबल जास्त ठेवलेला असतो, तो वाजवताना परत सरळ करावा लागतो. त्याचा आरआयएए कर्व्ह (कुठला भाग किती उचलायचा-उतरवायचा याचं ठरलेलं माप) १९५४ मध्ये ठरला, त्याआधी प्रत्येक रेकॉर्ड कंपनीचा आपापला कर्व्ह, म्हणून त्या काळच्या प्रीअँपवर कर्व्ह निवडायचं वेगळं बटण दिसतं. मग टेप आली, ट्यूनर आला, १९५२ मध्ये पीटर बॅक्सँडल या इंग्रज इंजिनिअरचं टोन कंट्रोलचं (बास-ट्रेबल कमीजास्त करायचं) सर्किट छापून आलं आणि पुढे ते जगभर सगळ्यांनी वापरलं. म्हणजे प्रीअँप हे सगळं सांभाळायला होता, व्हॉल्यूमचा पॉट हा त्याच्या पोटातला एक छोटासा पार्ट.

आणि हा पॉट कितीचा असायचा तर २५० के, ५०० के, कधी १ मेग (के म्हणजे हजार ओहम, मेग म्हणजे दहा लाख). व्हॉल्व्हचं (जुन्या अँपमधल्या काचेच्या ट्यूबचं) ग्रिड, म्हणजे सिग्नल घेणारं टोक, करंट जवळपास घेतच नाही आणि पुढचा व्हॉल्व्ह दोन इंचांवर, त्यामुळे एवढी मोठी व्हॅल्यू खपून जायची. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड इथून सुरू होते.

दुसरीकडे टेलिफोन आणि रेडिओ स्टेशनवाले वेगळ्याच वाटेने चालले होते. त्यांना डेसिबलमध्ये (डीबी, आवाजाच्या पातळीचं माप) मोजून आवाज कमी करायचा असायचा, म्हणून रोटरी स्विचच्या प्रत्येक टप्प्याला रेझिस्टर सोल्डर केलेले स्टेप्ड ॲटेन्युएटर. अमेरिकेत डेव्हेन कंपनीचे त्यात फार नावाजलेले. आज ऑनलाइन जे टकटक आवाज करत फिरणारे २३-२४ स्टेपचे ॲटेन्युएटर मिळतात त्यांचं मूळ तिथे.

मग ऑक्टोबर १९८२, जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ बाजारात आला आणि हिशोबच बदलला. सीडी प्लेयरचं आउटपुट २ व्होल्ट. आता बघा, साध्या पॉवर अँपचा गेन (सिग्नल किती वाढवतो ते) २६ डीबी धरला म्हणजे २० पट, तर २ व्होल्टचे झाले ४० व्होल्ट, म्हणजे ८ ओहम स्पीकरवर २०० वॅट! घरात आपण ऐकतो १ वॅटच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी, त्याला अँपच्या तोंडाशी ०.१४ व्होल्ट पुरतात. म्हणजे सिग्नल वाढवायचा तर प्रश्नच नाही, उलट २३ डीबी फेकून द्यायचे आहेत आणि आपण मात्र आधी प्रीअँपमध्ये वाढवून मग फेकतोय. हे लोकांच्या लक्षात आलं आणि १९८० च्याच दशकात अमेरिकेत मॉड स्क्वॉडचा लाइन ड्राइव्ह आला, निवड स्विच आणि व्हॉल्यूम, गेन शून्य. पुढे बऱ्याच कंपन्यांनी हेच केलं, ट्रान्सफॉर्मरवाले व्हॉल्यूमही निघाले (छान असतात पण स्वस्त नाहीत, म्हणून सोडून देतो), आणि शेवटी शिट ऑडिओने सिस नावाचा दोन इनपुटचा डबा ४९ डॉलरला काढला.

पण तक्रारीही तेव्हापासूनच सुरू, की पॅसिव्ह लावला की आवाजातला जीव जातो, ट्रेबल बोथट होतो. माझ्या मते यात पॅसिव्हचा दोष कमी आणि जुन्या सवयीचा जास्त, कारण लोकांनी प्रीअँपच्या आतली पॉटची व्हॅल्यू उचलली आणि डब्यात टाकली. १०० के पॉटचं आउटपुट इम्पिडन्स (पुढे सिग्नल देताना आड येणारा रेझिस्टन्स) सर्वात वाईट जागी २५ के होतं, त्यापुढे ३ मीटर केबल, तिची कपॅसिटन्स (केबल चार्ज साठवते ती, ट्रेबल हीच गिळते) ३०० पिकोफॅरड धरली तर २१ किलोहर्ट्झलाच ३ डीबी गेले, म्हणजे ऐकू येणारा वरचा भाग आधीच उतरायला लागलेला. तोच पॉट १० के घेतला तर हा आकडा २१० किलोहर्ट्झच्या पुढे जातो, विषय संपला. प्रीअँपच्या आत वायर दोन इंच होती, इथे दोन-तीन मीटर, एवढाच काय तो फरक!

अर्थात १० के सगळीकडे नाही चालत. पॉटच्या आधी व्हॉल्व्हवाला डॅक (डिजिटलचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा) किंवा फोनो स्टेज (रेकॉर्डचा सिग्नल वाढवणारा) असेल तर त्याला १० के चा भार जड जातो, आणि अँपचं इनपुट इम्पिडन्सच १० के असेल (बऱ्याच क्लास डी, म्हणजे स्विचिंग पद्धतीच्या अँप बोर्डांचं असंच काहीतरी असतं) तर पॉटचा टेपर, म्हणजे नॉब फिरवताना आवाज वाढण्याचं प्रमाण, बिघडतो. अशा ठिकाणी बफर (सिग्नल तेवढाच ठेवून पुढचा भार स्वतः उचलणारं सर्किट) हवा, अमेरिकेतले अँप डिझायनर नेल्सन पास यांनी २००८ मध्ये बी१ नावाचा जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) बफर नेमका याचसाठी खुला करून दिला, गेन नाही, फक्त पॉटला आधार. पण डॅक १०० ते ६०० ओहमचा आणि अँप ४७ के चा असेल तर उगाच बफरवर खर्च करू नका.

खरा खर्च पॉटवर करा. लॉग पॉटच्या (कानाला सारखा वाटेल असा आवाज वाढवणारा, व्हॉल्यूमला हाच लागतो) आतला काळा ट्रॅक खरं तर अखंड लॉग नसतो, वेगवेगळ्या रेझिस्टन्सचे दोन-तीन पट्टे जोडून कामचलाऊ लॉग केलेला असतो, आणि डावा-उजवा असे दोन ट्रॅक सुरुवातीच्या भागात क्वचितच जुळतात. वर हिशोब केला तसं आपलं नॉब नेमकं तिथेच, घड्याळाच्या आठ-नऊच्या काट्यावर फिरत असतं, म्हणून रात्री हळू आवाजात गाणारी बाई मधून सरकून एका स्पीकरकडे जाते. आल्प्सचा निळा आरके२७ यात बराच बरा, पण त्याचे नकली खूप फिरतात. त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घेत असाल तर मल्टिमीटर खिशात ठेवा, नॉब थोडंसंच उघडून दोन्ही गँगचा (डाव्या-उजव्या ट्रॅकचा) वायपर (मधली, सरकणाऱ्या टोकाची पिन) ते ग्राउंड मोजा, एक ५०० ओहम आणि दुसरा ६३० दाखवत असेल तर २ डीबीचा फरक आहे, दुसरा पीस मागा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे. आणि चांगला पीस मिळूनही नॉब खालीच अडकत असेल तर पॉटच्या आधी प्रत्येक चॅनेलला एक सिरीज रेझिस्टर टाका, १० के पॉटला २२ के टाकला तर साधारण १० डीबी तिथेच कमी होतात आणि नॉब वर, जुळणाऱ्या भागात येतं. दोन रेझिस्टर, काही रुपयांचं काम.