सुपीरियर आणि प्रॉक्सिमल: 'वर' म्हणजे नेमकं कुठे?

पाय घसरला की माणूस हात टेकवतो आणि मनगटाजवळ हाड मोडतं. रिपोर्टवर येतं, 'फ्रॅक्चर डिस्टल एंड रेडियस' (रेडियस म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचं, अंगठ्याच्या बाजूचं हाड). घरात लगेच भाषांतर होतं: डिस्टल म्हणजे खालचं. हातापुरतं ते खपून जातं, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

शरीररचनाशास्त्रातली सुपीरियर-इन्फीरियर ही जोडी डोकं कुठे आणि पाय कुठे एवढंच बघते. डोक्याकडचं ते सुपीरियर. त्यासाठी माणूस उभा, हात बाजूला सोडलेले, तळवे समोर, असं धरून चालायचं; मग रुग्ण आडवा असो की शीर्षासनात. प्रॉक्सिमल-डिस्टलचा प्रश्न वेगळा: हे निघालं कुठून? मुळाकडचं प्रॉक्सिमल, टोकाकडचं डिस्टल.

हात म्हणजे वडाची पारंबी. मूळ वर, टोक खाली, त्यामुळे दोन्ही जोड्या एकाच बाजूला बोट दाखवतात. कोपराजवळ रेडियस आणि शेजारचं अल्ना ही हाडं जुळतात त्या एकाच सांध्याला पुस्तकांत सुपीरियर रेडिओअल्नर आणि प्रॉक्सिमल रेडिओअल्नर अशी दोन्ही नावं सापडतात, ती त्यामुळेच. विद्यार्थी बिचारा समानार्थी शब्द समजून पाठ करतो.

मोठ्या आतड्यात मात्र हे गणित उलटतं. त्याची सुरुवात, म्हणजे सीकम, पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, अपेंडिक्स तिथलंच. तिथून ॲसेंडिंग कोलन, म्हणजे मोठ्या आतड्याचा चढता भाग, यकृताच्या दिशेने वर चढतं, मांडवावरच्या वेलासारखं. वेलाचा बुंधा खाली आणि शेंडा वर, तसंच इथेही प्रॉक्सिमल टोक इन्फीरियर आणि डिस्टल टोक सुपीरियर! गंमत म्हणजे कोलोनोस्कोपीची नळी गुदद्वारातून जाते, म्हणजे डॉक्टरांच्या हाताला जवळचा भाग तो डिस्टल. अन्न ज्या दिशेने सरकतं ती दिशा मोजायची, नळीची नव्हे.

अँजिओग्राफीच्या रिपोर्टमधलं 'प्रॉक्सिमल एलएडी' (एलएडी ही हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एक मुख्य रक्तवाहिनी) वाचतानाही वर-खाली विसरावं. ती जागा रक्तवाहिनीच्या उगमाजवळची. पाटाच्या तोंडाशीच बांध पडला की पुढचे सगळे वाफे कोरडे राहतात. तिथल्या ब्लॉकेजला डॉक्टर जास्त गांभीर्याने घेतात ते म्हणून.

दंतवैद्यांचा डिस्टल निराळाच: दातांच्या ओळीत समोरच्या मध्यरेषेपासून दूर, दाढांच्या बाजूला. तिथे त्याची जोडी प्रॉक्सिमलशी नसून मेसियलशी, म्हणजे मध्यरेषेकडच्या बाजूशी, लागते.