एकीव्होको (स्पॅनिश श्लेष)

एकाच शब्दाच्या दोन अर्थांवर खेळणाऱ्या उक्तीला स्पॅनिश साहित्यशास्त्रात ‘एकीव्होको’ म्हणतात. ती भाषेचा दागिना की खोड, यावर स्पेनमध्ये दोन शतके मतभेद होते.

हुआन दे वाल्देस याने नेपल्समध्ये 1535च्या सुमारास लिहिलेल्या भाषाविषयक संवादात दागिन्याच्या बाजूने कौल दिला. इतर भाषांत अनेकार्थता दोष असेल, पण कास्तिलियनमध्ये (म्हणजे स्पॅनिशमध्ये) ती अलंकारच. तिच्यामुळे पुष्कळ गोष्टी चतुराईने आणि डौलाने सांगता येतात, असे तो म्हणतो.

सतराव्या शतकात या खेळाला बहर आला. स्पॅनिश लेखक केव्हेदोच्या ‘बुस्कोन’ (1626) कादंबरीत नायकाचा चोरटा बाप तुरुंगातून मोठ्या मानाने सुटतो, सोबत दोनशे ‘कार्देनालेस’ असतात. मात्र त्यांतल्या एकालाही कुणी ‘सेन्योरिया’ (महाराज) म्हणत नाही. कार्देनाल म्हणजे चर्चचा उच्च धर्माधिकारी, तसाच माराचा वळ! धर्मसत्तेची आणि गुन्हेगाराची थट्टा एका शब्दात उरकली आहे. व्हिल्यामेदियानाच्या काउंटची आख्यायिका अधिक धाडसी. ‘रेआल’ नाण्यांनी मढवलेला पोशाख घालून तो दरबारी उत्सवात आला. त्यावर ब्रीद होते, ‘माझे प्रेम रेआल आहे’. रेआल म्हणजे खरे, राजघराण्याचे आणि नाणेही. रोख राणीकडे होता, असे लोकांनी मानले. 1622मध्ये माद्रिदच्या रस्त्यात काउंटचा खून झाला, त्यामुळे ही कथा चांगलीच रुजली. तिला भक्कम पुरावा मात्र नाही.

बाल्तासार ग्रासियानने चातुर्यशास्त्रावरील ग्रंथात (1642, विस्तारित आवृत्ती 1648) एकीव्होकोला स्वतंत्र प्रकरण दिले आणि त्याला दुधारी शब्द म्हटले. कौतुक करतानाच त्याने हातही आखडता घेतला: असे श्लेष गंभीर नसतात, ते उपहासालाच अधिक शोभतात. चातुर्याच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्याचे हे मत असल्याने विरोधकांचे काम सोपे झाले.

इग्नासियो दे लुसानच्या ‘पोएतिका’ या काव्यशास्त्रावरील ग्रंथाने (1737) अभिजाततावादी शिस्तीच्या नावाने मागच्या शतकातील शब्दखेळांवर टीका केली. गंमत म्हणजे वाल्देसचा संवाद प्रथम छापला गेला तोही त्याच वर्षी, मायान्स या विद्वानाने. स्पॅनिश अकादमीचा पहिला कोशही (1726–39) याच काळातला. प्रत्येक शब्दाचे अर्थ वेगवेगळे नोंदवताना त्याने आधार म्हणून केव्हेदोचीच वाक्ये वारंवार दिली आहेत.