आवडीचे वय आणि नागपूरकरांचा कान : पार्श्वभूमी

साधारण दहाव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत ऐकलेली गाणी माणसाला आयुष्यभर सर्वांत जवळची वाटतात, हे मानसशास्त्रात वारंवार आढळले आहे. म्हणूनच आवड वयानुसार पिकते असे म्हणण्याआधी, त्या वयात कानावर काय पडू शकत होते हे पाहावे लागते. खंजिरी भजन, दंडार हे विदर्भातले लोकनाट्य आणि नाटकातली पदे हा नागपुरातील जुना थर. पण आज ऐंशी ओलांडलेल्यांचा कान घडवला तो रेडिओने.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 मध्ये सुरू झाले. 1952 मध्ये केंद्र सरकारने श्रोत्यांची अभिरुची सुधारण्याच्या हेतूने चित्रपटगीतांना कात्री लावली. या निर्णयाला सर्रास ‘बंदी’ म्हणतात, ते पुरते खरे नाही. गाण्यांचा वेळ कमी केला गेला, चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरवून ते वगळले गेले आणि दुखावलेल्या निर्मात्यांनी प्रक्षेपणाची परवानगीच काढून घेतली. ऐकणाऱ्याच्या लेखी गाणी गेली ती गेलीच. त्या रिकाम्या वेळेत ‘सुगम संगीत’ रुजवले गेले. हा शब्द मुळातच अडचणीचा आहे, कारण शास्त्रीयापेक्षा सोपे आणि सिनेमापेक्षा सभ्य एवढेच तो सांगतो. 1930च्या दशकापासून स्वतःच्या नावाने नांदणारे भावगीतही याच खात्यात जमा झाले. तरीही या धोरणाने मराठी कवितेला घराघरांत चाल मिळवून दिली, हे श्रेय नाकारता येत नाही.

मुले मात्र सिलोनकडे, म्हणजे श्रीलंकेतून हिंदी चित्रपटगीते ऐकवणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळली. लघुलहरींवरचा आवाज चढत-उतरत येई. ओळ मध्येच बुडाली की जाळीला कान लावून ती वर येण्याची वाट पाहायची आणि निसटलेले शब्द मनाने भरायचे. तेच चुकीचे शब्द कित्येक जण अजूनही ठामपणे गातात. 3 ऑक्टोबर 1957 रोजी सरकारनेच मनोरंजनासाठी ‘विविध भारती’ ही वेगळी सेवा सुरू केली, तोवर एका पिढीची कोवळी वर्षे सरत आली होती.

पुढे कॅसेटने निवड थेट श्रोत्याच्या हाती दिली. 1956 च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दीक्षाभूमीवर दरवर्षी भरणाऱ्या दुकानांत भीमगीतांच्या कॅसेट आल्या, मग सीडी, मग पेनड्राइव्ह. तिथे आजी कव्वालीच्या ढंगातली भीमगीते मागते, नात डीजेवरची, आणि दुकानदार दोन्ही एकाच पेनड्राइव्हमध्ये भरून देतो.